चंदरची ओली पाटी

१९३३ सालच्या दिवाळीनंतर तळा गावातल्या शाळेची नोकरी सोडून मी कोळीवाड्यात इंग्रजी शिकवायला निघालो, तेव्हा तळ्याचे लोक तोंडावर हसले. "टिपणीस मास्तर, मासळीला इंग्रजी शिकवणार की काय?" असं एकानं विचारलंसुद्धा. मी मुळात तापट. "तुमच्या पोरांपेक्षा मासळी लवकर शिकेल," असं सांगून मी ट्रंक बैलगाडीत टाकली.

गाव काशीद आणि मुरुडच्या मधलं. नाव सांगत नाही, कारण तिथली माणसं अजून आहेत. साठ-सत्तर घरं, वाळूवर ओढलेल्या होड्या, बांबूंवर वाळत घातलेले बोंबील, आणि सगळ्यांच्या शेवटी, खडकांच्या अंगाला, गावकीनं बांधलेली एका खोलीची शाळा. गावचे पाटील अंबाजी. त्यांचा भाऊ मुंबईच्या गोदीत कामाला होता. साहेबाच्या भाषेतले चार शब्द कळले तर पोरांचं भलं होईल, हे त्यानं अंबाजींच्या डोक्यात भरवलं, आणि अंबाजींनी मला बोलावून घेतलं. चैत्रात मुरुडहून दिपोटी, म्हणजे शाळा तपासणारे साहेब, येऊन परीक्षा घेणार होते. त्यांनी बरं म्हटलं तर इंग्रजीचा वर्ग चालू राहणार, नाहीतर मी परत तळ्याला, त्याच हसणाऱ्यांत.

हजेरीपटावर बावीस मुलं, सात ते दहा वर्षांची. मराठी अक्षरं कशीबशी गिरवणारी. त्यांच्या हातात इंग्रजी लिपी देणं म्हणजे माकडाच्या हाती कोलीत. म्हणून मी शब्द नुसते कानानं शिकवी. मासा वर धरायचा आणि "फिश" म्हणायचं. तांब्यातलं पाणी बोटांनी शिंपडायचं आणि "रेन" म्हणायचं. मराठीत अर्थ सांगायचा नाही, हा नियम. दर शुक्रवारी परीक्षा. बिस्किटांच्या रिकाम्या पत्र्याच्या डब्यात मी शब्दांच्या चिठ्ठ्या ठेवल्या होत्या. एका मुलानं डोळे मिटून चिठ्ठी काढायची, मी शब्द मोठ्यानं वाचायचा, आणि सगळ्यांनी पाटीवर त्याचं चित्र काढायचं. चित्र बरोबर तर शब्द आला. पहिल्याच शुक्रवारी "बोट" म्हटल्यावर अर्ध्या वर्गानं आपापल्या हाताचं बोट काढलं, तेव्हापासून मी "शिप" शिकवायला लागलो. पण पद्धत उत्तम होती, आणि मला तिचा गर्व होता. पोपटपंची करून अर्थ सांगता येतो, चित्र मात्र खोटं काढता येत नाही, असं मी अंबाजींना ऐकवत असे.

आता चंदरचं सांगतो. पहिल्याच दिवशी हजेरी घेताना "चंदर हरेश्वर" असं नाव वाचलं आणि वर्ग गप्प झाला. कुणी गैरहजरही म्हणेना. शेवटच्या रांगेत, समुद्राकडच्या खिडकीखाली, एक गोणपाट अंथरलेलं होतं. त्यावर पाटी आणि पाटीवर पेन्सिल. बसलेलं कुणी नाही.

"कुठं आहे हा?" मी विचारलं.

आठ वर्षांची एक मुलगी उभी राहिली. तिचं नाव नलू. "माजा दादा हाय तो," ती म्हणाली. "दर्यात हाय."

संध्याकाळी अंबाजींनी मला ओट्यावर बसवून समजावलं. नारळी पुनवेला नारळ वाहून होड्या दर्यात लोटल्या, त्यानंतर चौथ्या दिवशी दहा वर्षांचा चंदर बापाच्या होडीतून पडला. शाळेसमोरच्या खडकांपलीकडेच. आठ दिवस शोधलं, पण देह मिळाला नाही. "देह मिळाला न्हाय त्याची जागा बारा वर्सं मोडायची न्हाय, मास्तर," अंबाजी म्हणाले. "घरात त्याचा पाट मांडायचा, ताट वाढायचं. पाटी हुती तर पाटी ठेवायची. त्याआधी जागा उचलायची तर त्याच्या आयशीनं, सोताच्या हातानं. दुसऱ्यानं हात लावला तर जाणारा अधांतरी ऱ्हातो."

"हजेरीपट म्हणजे देव्हारा नव्हे," मी म्हणालो.

"ते खरं. पर तू उचलू नको."

कोळीवाड्यात आईबापापासून देवापर्यंत सगळ्यांना एकच 'तू'. पहिले काही दिवस माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या, मग सवय झाली. गोणपाटाचीही सवय झाली. चंदरचं नाव आलं की मी थांबत नसे, पुढचं वाचत असे.

त्याची आई सोनूबाई रोज सकाळी खडकांपाशी दिसे. गुडघाभर पाण्यात उतरून ती वाकायची आणि चंदरची पाटी समुद्राच्या पाण्यात धुवायची. एवढ्याशा पाटीला ती फार वेळ लावी. मग ती ओली पाटी नलूच्या हातात देई आणि नलू ती आणून गोणपाटावर ठेवी. खाऱ्या पाण्यानं पाटीवर मिठाचा पांढरट थर धरला होता. गोड्या पाण्यानं धुवा, असं मी एकदा सांगून पाहिलं. सोनूबाईनं पाटी पुन्हा लाटेत बुडवली.

पौषातला एक शुक्रवार. पाच शब्द झाले: शिप, रेन, काऊ, सन, ट्री. मी पाट्या तपासत शेवटच्या रांगेशी आलो आणि सवयीनं चंदरच्या पाटीकडेही नजर गेली. पाटी अर्धी ओली, अर्धी वाळलेली. ओल्या पाटीवर पेन्सिल फिरवली तर रेघ लगेच दिसत नाही, पाणी वाळलं की पांढरी होऊन वर येते. हे कुठल्याही शाळकरी पोराला ठाऊक असतं. त्या पाटीवर तशा रेघा वर येत होत्या. मी उभा होतो आणि माझ्या देखत चित्रं उमटत होती.

पहिलं एक लांबट पान, मधोमध शीर. त्याखाली लहानमोठी वर्तुळं, एकात एक. मग जागा रिकामी. मग एक गोळा, पण फुटका, कडा इकडेतिकडे गेलेल्या. शेवटी पुन्हा रिकामी जागा.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "नलू! उभी राहा!" पोर उभी राहिली. "भावाच्या पाटीवर चाळे करतेस? आणि तेही चूक? हे पान म्हणजे शिप? ही भाकऱ्यांची चळत म्हणजे रेन?"

मुलं हसली. नलू हसली नाही, रडलीही नाही. "मी न्हाय, मास्तर," एवढंच म्हणाली.

तिच्या स्वतःच्या पाटीवर सगळं बरोबर होतं. शिडाची होडी, तिरपा पाऊस, शिंगांची गाय. ज्याला बरोबर येतं तो चोरून दुसऱ्याच्या पाटीवर चूक कशाला काढेल? हा विचार मला तेव्हाच शिवून गेला, पण रागावलेल्या माणसाला विचार नको असतो.

पुढच्या शुक्रवारी मी नलूला माझ्या टेबलापाशी बसवलं आणि चंदरच्या गोणपाटाशेजारच्या मुलाला दोन हात लांब सरकवलं. चिठ्ठ्या मी स्वतः काढल्या. कुठला शब्द येणार हे मलाही माहीत नव्हतं. पाच शब्द झाल्यावर सरळ शेवटच्या रांगेकडे गेलो आणि पाटी वाळायची वाट बघत उभा राहिलो. रेघा आल्या. माझ्याच क्रमानं. "बर्ड"च्या जागी एक गोल अंडं आणि त्याला चिकटलेले दोन पंजे. "हाऊस"च्या जागी काही नाही. "फिश" तेवढा माशासारखा होता, पण मधे एक रेघ आणि तिच्या दोन्ही बाजूंना पर, म्हणजे कुणी पोटाकडून पाहावा तसा.

बाहेरच्या लाटेचं पाणी खडकांतून परत जाताना ऐकू येत होतं. मुलं माझ्याकडे बघत होती. त्यांना भीती वाटत नव्हती, हे मला सगळ्यात भयंकर वाटलं. त्यांचा एक सोबती शिकत होता, त्यात नवल ते काय? आणि माझ्या मनात एक हिशेब आपोआप लागला. चंदर बुडाला नारळी पुनवेच्या आठवड्यात. मी गावात आलो दिवाळीनंतर. इंग्रजीचा एकही शब्द त्याच्या कानावर जिवंतपणी पडलेला नव्हता. जे काही तो शिकला होता ते माझ्याकडूनच.

मी काय करावं? पळून जावं? कुणाला सांगावं? मी मास्तर होतो, म्हणून मास्तरानं करायचं ते केलं. चित्रं चूक होती, मी फुली मारली. फडक्यानं पाटी पुसली. तपासून झालं की पाट्या पुसायच्या, हा वर्गाचा नियमच होता.

नलूनं घरी सांगितलं असणार. सोमवारी सोनूबाई शाळेच्या पायरीशी उभी होती. उंच, हाडापेरानं मजबूत बाई, पण गालफडं बसलेली.

"मास्तर, माज्या चंदरनं काढलं म्हनतात. बरोबर व्हतं का चूक?"

"कुणीतरी खोड्या करतंय, सोनूबाई."

"ते न्हाय इचारलं. बरोबर का चूक?"

"चूक," मी म्हणालो. खोटं कशाला सांगू? "सगळं चूक."

ती ओशाळून हसली, आपल्या पोराची आगळीक पोटात घालणाऱ्या आया हसतात तशी. "शिकंल हळूहळू. उशिरा बसलाय ना वर्गात. त्याला मारू नको." असं म्हणून ती गेली.

असे सहा-सात शुक्रवार गेले. दर शुक्रवारी पाटी येई, वाळे, रेघा वर येत, मी फुली मारी. काऊ, ट्री, हाऊस, डॉग असे शब्द आले की जागा कोरी राही. बाकीच्यांना चित्र असे, पण वेडंवाकडं, ओळखू न येणारं. माझ्या टिपणवहीत त्या पाटीपुढं शून्याखेरीज काही नव्हतं. मनाला मी समजावलं होतं की कुणाला तरी मुळीच येत नाही आणि तो नुसता रेघोट्या ओढतो. तो कोण, हा प्रश्न मी बाजूला ठेवला.

फाल्गुनात एका दुपारी हरेश्वर, चंदरचा बाप, माझ्याकडे आला. तो बोलायला लागला तरी माझ्याकडे बघत नव्हता.

"मास्तर, आज सकाळी तिला मी गळ्याएवढ्या पान्यातनं वढून काढली. पयली घोट्यापर्यंत जायची, मंग गुडघ्यापर्यंत. आज गळ्यापर्यंत. इचारलं तर म्हनते, पोर शिकतोय, म्हंजे जिता हाय, कुठंतरी अडकलाय. त्याला आनते. गावकी म्हनते, दर्भाचा पुतळा करून त्याला अग्नी दिऊ, पोर सुटंल. पर जागा तिनं उचलायला पायजे. ती कुनाचं आयकत न्हाय. तुजं आयकंल."

"माझं का?"

"पोर तुज्या साळंत हाय म्हनून."

त्याच संध्याकाळी मी त्यांच्या घरी गेलो. चुलीपाशी एक जास्तीचं ताट वाढलेलं होतं, भात आणि कालवण, वर माशी बसू नये म्हणून पान झाकलेलं. सोनूबाईला मी म्हणालो, "हजेरीपटावरून चंदरचं नाव काढायची वेळ आली आहे. दिपोटी येणार. तुम्ही पाटी उचला."

तिनं ताटावरचं पान नीट केलं. मग म्हणाली, "दिपोटीच्या परीक्षेला त्याला बशीव. नापास झाला तर मी माज्या हातानं जागा मोडीन, पुतळा जाळा. मला कळंल की उगंच कुनीतरी रेघोट्या मारतंय. पर पास झाला तर माजा पोर हाय. मंग मला कुनी अडवायचं न्हाय. मी त्याच्याकडं जानार."

हरेश्वर मान खाली घालून बसला होता. मी "ठीक आहे" म्हणालो. का नाही म्हणणार? निकाल काळ्या दगडावरची रेघ होता. सात शुक्रवारांत त्या पाटीला मी एक गुण दिला नव्हता. बाई वाचणार होती, पोर सुटणार होतं, आणि कुणाला एक शब्दही खोटा सांगावा लागणार नव्हता.

परीक्षेच्या चार दिवस आधी मी अंबाजींकडून परत येत होतो. ऊन मी म्हणत होतं. वाटेत एक मोठी होडी बूड खरवडायला टेकूंवर उचलून ठेवलेली होती. माणसं जेवायला गेली होती. मी तिच्या सावलीत वाळूवर टेकलो, टोपी काढली, घाम पुसला आणि वर पाहिलं.

वर एक पान होतं. लांबट, दोन्हीकडे निमुळतं, मधोमध एक शीर या टोकापासून त्या टोकापर्यंत.

मी किती वेळ बसलो मला माहीत नाही. एकेक पाटी डोळ्यांपुढून गेली. पाऊस पाण्यावर पडतो तेव्हा खालून काय दिसणार? एकात एक वर्तुळं. पाण्यावर तरंगणारा पक्षी खालून कसा असणार? गोल पोट आणि दोन पंजे. पाण्याखालून सूर्य फुटकाच दिसणार. गाय तिथून दिसत नाही. झाड दिसत नाही. घर तर नाहीच नाही.

मुलाला सगळं येत होतं. जे त्याला दिसत होतं ते सगळं त्यानं बरोबर काढलं होतं, आणि मी फुल्या मारल्या होत्या. खूप हुशार मुलगा. माझ्या वर्गातला सगळ्यात हुशार. या विचारानं मला आधी शरम वाटली आणि भीती नंतर, हेही सांगून टाकतो. मास्तरकी ही अशी जडते माणसाला.

मग सोनूबाईचं बोलणं आठवलं आणि मी वाळूतून उठलो.

चैत्र वद्य पंचमीला सकाळी दिपोटी आले. मुरुडहून टांग्यानं, पागोटं, छत्री, घसा सर्दीनं बसलेला. चांगला माणूस. माझी पद्धत त्यांना आवडली. चिठ्ठ्या त्यांनी स्वतःच काढल्या, सहा: शिप, काऊ, सन, नेट, हाऊस, मदर. शेवटची चिठ्ठी वाचण्याआधी मी खिडकीकडे पाहिलं. सहापैकी तीन आले की पास, असं त्यांनी आधीच सांगितलं होतं.

मुलांनी झकास काढलं. नलू सहाच्या सहा. एकवीस मुलांपैकी अठरा पास. दिपोटी रांगांतून फिरत खिडकीशी आले.

"ही पाटी कुणाची?"

"गैरहजर आहे," मी म्हणालो.

पाटी अजून ओली, काळीभोर होती. तिच्यावर काही नव्हतं. "मग राहू द्या," असं म्हणून ते पुढे गेले. "वर्ग चालू ठेवायला माझी हरकत नाही, टिपणीस. उत्तम काम आहे." ज्या वाक्यासाठी मी पाच महिने घसा फोडला होता ते वाक्य मी धड ऐकलंही नाही. अंबाजी त्यांना जेवायला घेऊन गेले. मुलं शब्द ओरडत बाहेर पळाली, शिप, सन, मदर, मदर.

खोलीत मी एकटा उरलो. भरदुपारची वेळ. भरती आली होती, खिडकीखालच्या खडकांवर पाणी आदळत होतं. मी गोणपाटाशेजारी जमिनीवर बसलो आणि पाटी वाळायला लागली.

पान आलं, शिरेसकट. काऊ कोरं. सूर्य आला, फुटका. मग जाळं, चौकटीच चौकटी, आणि त्यांच्या वर उजेडाचा एक ठिपका, म्हणजे जाळं अंगावर येत होतं. घराची जागा कोरी. तीन झाले होते. पोर पास झालं होतं.

मग शेवटचं चित्र आलं, सावकाश.

इतर एकवीस पाट्यांवरच्या आया डोक्यावर टोपली घेऊन निघाल्या होत्या, कुणी मासे सोडवत होती, कुणी चुलीपाशी होती. ही आई काहीच करत नव्हती. ही वाकलेली होती. हनुवटी मोठी, कपाळ लहान, चेहऱ्याच्या रेघा पाण्यानं हलत असाव्यात तशा. दोन हात पुढे आलेले आणि हातांत एक चौकोन. पाटी. ती रोज सकाळी पाटी धुवायची तेव्हा तो तिला बघत होता. एवढ्या जवळून. हात वर केला असता तर पोचला असता.

मला रडू फुटलं. माझं लग्न झालेलं नव्हतं, मला मूल नव्हतं, आणि मी दुसऱ्याच्या पोरासाठी गोणपाटावर बसून हुंदके देत होतो. हे चित्र त्या बाईला दाखवावं असं मला इतकं वाटलं की हात पाटीकडे गेला. तिच्या जन्माचं सोनं झालं असतं. मुलगा कुठं आहे, ते तिला कळलं असतं. वीस पावलांवर. आणि भरती होती.

पायरीवर पावलं वाजली.

मी सदऱ्याच्या बाहीनं पाटी पुसली. जोरानं, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत. मिठाचा थर निघाला, रेघा निघाल्या, तो चेहरा निघाला. बाही पांढरी झाली. मी उभा राहिलो आणि तो हात पाठीमागं घेतला.

सोनूबाई दारात होती, तिच्यामागे हरेश्वर. ती नवं लुगडं नेसून आली होती. पोराचा निकाल होता ना.

"काय झालं, मास्तर?"

"नापास."

"किती आलं?"

"एकही नाही."

"मदर इचारलं व्हतं," ती म्हणाली. "पोरं वरडत ग्येली. नलूनं मला शिकवलाय तो शब्द. ते बी चुकला?"

तेव्हा मी हरेश्वरकडे पाहिलं. त्याचे डोळे पाण्यानं भरले होते आणि हात न जोडताही तो माझ्यापुढे हात जोडून उभा असल्यासारखा वाटत होता.

"ते पण चुकला," मी म्हणालो.

सोनूबाईनं गोणपाटाकडे पाहिलं. खिडकीतून आलेलं ऊन त्या कोऱ्या पाटीवर पडलं होतं. ती पुढे आली, खाली बसली, पाटी उचलून पदरात घेतली. पेन्सिल उचलली. गोणपाटाची घडी केली. हे सगळं तिनं अगदी नीट, घाई न करता केलं.

"मंग न्हाय तो," ती म्हणाली. माझ्याशी नाही, नवऱ्याशीही नाही. "माजा चंदर असता तर येवढं तरी चुकला नसता."

ती उठली आणि बाहेर पडली. खडकांकडे वळली नाही, गावाकडे वळली. हरेश्वर तिच्यामागून गेला. जाताना त्यानं माझ्या खांद्याला नुसता हात लावला.

तिसऱ्या दिवशी दर्भाचा पुतळा जाळला. सोनूबाई पुढे बावीस वर्षं जगली, नलूचं लग्न करून दिलं, नातवंडं खेळवली. मी शेवटपर्यंत त्या गावात मास्तर राहिलो आणि तिला एकदाही सांगितलं नाही.

त्या दुपारी मी हजेरीपट उघडला. निकालाचा रकाना भरायचा होता. चंदर हरेश्वर. चार शब्द बरोबर, सहापैकी. मी दौतीत टाक बुडवला, शून्य लिहिलं आणि नावावरून रेघ ओढली. मग शाई वाळेपर्यंत तिथंच बसून राहिलो.